एक हरवलेला पाना

समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर, मळवलीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या एका निवृत्त शाळामास्तराने नौदलाच्या विमानांविषयी लिहावे हे वाचकांस प्रथमदर्शनी थोडे विचित्र वाटेल. माझे इंग्रजी शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते पाठशाळेत, आणि तेही संस्कृत. विमानात मी आजवर एकदाच बसलो आहे, व त्या प्रवासातही बहुतेक वेळ डोळे मिटूनच होतो. तथापि दोन कारणांनी ह्या विषयाशी माझा ऋणानुबंध जडला. एक कारण शेजारचे. लोणावळ्यास नौदलाची 'शिवाजी' ही संस्था १५ फेब्रुवारी १९४५ पासून आहे. तेथे जहाजांवरील यंत्रांचे शिक्षण दिले जाते, आणि पांढऱ्या गणवेशातील मुले पुण्याच्या लोकलची वाट पाहत स्थानकावर उभी असलेली आम्ही लहानपणापासून पाहत आलो. समुद्र नाही पण नौदल आहे, ह्याचे आम्हा मावळकरांस कधी नवल वाटले नाही. दुसरे कारण घरातलेच. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा नौदलाच्या हवाई शाखेत तंत्रज्ञ आहे. विमान चालवणे हे त्याचे काम नव्हे; ते सुस्थितीत ठेवून चालवणाऱ्याच्या हवाली करणे हे त्याचे काम. सुटीत तो घरी आला की ओसरीवर बसून मी त्याला शंका विचारतो आणि तो, जुन्या विद्यार्थ्यास शोभेल अशा सबुरीने, त्यांचे निरसन करतो. पुढे जे लिहिले आहे त्यातील यंत्रज्ञान त्याचे. विचार बरे-वाईट जे असतील ते माझे.

आमच्या गावाजवळून एका अंगाने रेल्वे जाते व दुसऱ्या अंगाने मुंबई-पुण्याचा द्रुतगती मार्ग. रात्री-अपरात्री रुग्णवाहिकेचा आवाज आला की घरातील वडीलधारी माणसे हात जोडतात आणि म्हणतात, "कोणाची तरी वेळ आली." ही भावना मी हसण्यावारी नेत नाही. ज्याचे माणूस गेले त्याला ह्याच शब्दांनी धीर येतो. परंतु ह्या समजुतीत एक धोका आहे. जे वेळेवर सोपवले त्याचे कारण कोणी शोधीत नाही. गंमत अशी की 'अपघात' हा जो शब्द आपण मराठीत ह्या अर्थाने वापरतो, त्याला संस्कृत कोशांत आकस्मिक मृत्यू ह्या अर्थाबरोबरच 'मारून दूर सारणे, निवारणे' असाही अर्थ दिलेला आढळतो. संकट आणि संकटाचे निवारण, दोहोंना एकच शब्द! मराठीने त्यातील एकच अर्थ ठेवला व दुसरा टाकून दिला, ह्याचे मला नेहमी वाईट वाटते.

निवारणाचा तो दुसरा अर्थ आमच्या घाटातच, रुळांवर, प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. बोरघाट उतरणाऱ्या गाडीसाठी मंकी हिल, ठाकुरवाडी अशा ठिकाणी मुख्य मार्गापासून फुटून चढणीवर जाणारे आडरूळ घातलेले आहेत. तेथील सांधे मुळातच ह्या आडमार्गाकडे लावलेले असतात. गाडीने तेथे येऊन पूर्ण थांबावयाचे, आपले ब्रेक आपल्या ताब्यात आहेत हे सिद्ध करावयाचे, आणि मगच सांधे फिरून तिला खालची वाट मोकळी होते. जिला थांबता आले नाही ती आपोआप चढणीवर जाऊन वेग गमावते. चालक कितीही अनुभवी असो, त्याच्या शब्दावर कोणी विसंबत नाही. ह्यात त्याचा अपमान आहे असे घाटातल्या एकाही चालकाने म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

विमानवाहू नौकेवरची रचना मला ह्या आडरुळाचीच थोरली बहीण वाटते. जमिनीवरची धावपट्टी जागची हलत नाही. नौकेवरची धावपट्टी मात्र स्वतःच पुढे चाललेली असते, लाटांबरोबर वर-खाली होते, डोलते. आपली 'विक्रमादित्य' ही नौका १६ नोव्हेंबर २०१३ रोजी नौदलात आली. तिची एकंदर लांबी २८४ मीटर, आणि त्यातील उतरावयास उपयोगी भाग त्याहून पुष्कळच कमी. येणाऱ्या विमानाच्या शेपटीखाली एक पोलादी आकडा लोंबत असतो व धावपट्टीवर आडव्या तारा ताणलेल्या असतात. आकड्यात तार सापडली की ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने आलेले विमान शंभर मीटरच्या आत, दोन-तीन सेकंदांत उभे राहते. हे ऐकून मी पुतण्यास म्हणालो, "म्हणजे टेकता टेकताच इंजिन मंद करावे लागत असेल." तो हसला. वैमानिक नेमके उलट करतो. चाके टेकताक्षणीच तो इंजिन पूर्ण शक्तीवर नेतो. कारण आकडा हुकला तर थांबण्यास जागाच नाही, लगेच पुन्हा उडालेच पाहिजे. तार सापडली असे दिसले की मग तो शक्ती कमी करतो.

ह्या एका गोष्टीवर मी पुष्कळ दिवस विचार केला. आकडा हुकणार हे तेथे गृहीतच धरलेले आहे! आम्ही मास्तर लोक शुद्धलेखनात चूक होऊ नये म्हणून झटतो. चूक झाल्यावर मुलाने काय करावे ह्याचा विचार क्वचितच करतो.

पूर्वी असे नव्हते. जुन्या नौकांची धावपट्टी सरळ होती आणि तिच्या पुढच्या टोकाला इतर विमाने उभी असत. आकडा हुकला तर मध्ये उभारलेल्या जाळीत विमान घुसे, आणि जाळीही चुकली तर उभ्या विमानांवर जाऊन पडे. १९५१ च्या सुमारास ब्रिटिश नौदलातील डेनिस कँबेल ह्या अधिकाऱ्याने धावपट्टीचा उतरण्याचा भाग थोडा तिरपा करावा अशी कल्पना काढली. त्यायोगे आकडा हुकलेल्या विमानापुढे मोकळा समुद्र आला. त्याच काळात निकोलस गुडहार्ट ह्या दुसऱ्या अधिकाऱ्याने आरशाची युक्ती शोधली. असे सांगतात की त्याने आपल्या कचेरीतील बाईंच्या हाती लहानसा आरसा आणि ओठ रंगवण्याची कांडी देऊन, टेबलावरच त्या युक्तीचे प्रात्यक्षिक सहकाऱ्यांस दाखवले. आरशातील दिव्याची रेघ नजरेत धरून वैमानिकाने उतरत यावयाचे, की उतरण्याचा कोन बरोबर साधतो. एखाद्या गृहिणीच्या फणी-करंड्याच्या पेटीतून निघावी इतकी साधी ही कल्पना! ४ मार्च १९६१ रोजी आपल्या नौदलात आलेल्या पहिल्या 'विक्रांत'ची धावपट्टी अशीच तिरपी करून घेतलेली होती.

परंतु केवळ यंत्रांनी काम भागले नाही. १९५४ ह्या एका वर्षात अमेरिकेच्या नौदलाची ७७६ विमाने नष्ट झाली व पाचशेहून अधिक माणसे मेली. आणि हे युद्धाचे वर्ष नव्हते. पुढे तिरप्या धावपट्ट्या आल्या, दुरुस्तीची शिस्त लागली, आणि १९६१ पासून प्रत्येक जातीच्या विमानासाठी काय करावयाचे व कोणत्या क्रमाने, ह्याची एकच प्रमाण पोथी सर्वांस बंधनकारक झाली. त्यापूर्वी दर तुकडीची, किंबहुना दर वैमानिकाची, पद्धत निराळी असे. आज तेथील वार्षिक हानी त्या वर्षाच्या अल्पांशावर आली आहे.

पुतण्याच्या मते मात्र खरी गोष्ट ह्याहून बारीक आहे. सकाळी उड्डाणे सुरू होण्यापूर्वी नौकेवर लहानथोर सर्व जण खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभे राहतात व माना खाली घालून धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतात. खिळा, तारेचा तुकडा, खडा, शर्टाची गुंडी, जे दिसेल ते उचलावयाचे. जेट इंजिन पुढची हवा इतक्या जोराने ओढते की एवढासा खिळा आत गेला तरी आतील पाती फुटतात. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ 'काँकॉर्ड' पडून ११३ माणसे मेली, त्याचा आरंभ धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीपासून झाला. आणि ती पट्टी आधी उडून गेलेल्या दुसऱ्याच विमानाची होती. आपल्याकडे भल्या पहाटे अंगण झाडणारी आजी आणि हातात खडा घेऊन चाललेला नौदलाचा अधिकारी ह्यांत मला तरी फारसा भेद दिसत नाही.

हत्यारांचीही तीच गत. हँगरमध्ये फळीवर प्रत्येक पाना, प्रत्येक पकड, प्रत्येक डिसमिस ह्यांची आकृती रंगवलेली असते. हत्यार उचलले की मागे त्याची रिकामी सावली दिसते. काम संपले की सावल्या मोजावयाच्या. एक जरी उघडी राहिली तरी त्या विमानास उड्डाणाची परवानगी नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुतण्या तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरील एका तळावर होता. काम आटोपून हत्यारे मोजली तो त्याच्या स्वतःच्या पेटीतील एक लहानसा पाना कमी! त्या पाळीत त्याने चार विमानांवर हात फिरवला होता आणि चारही विमाने उड्डाणासाठी बाहेर काढून ठेवलेली होती. त्याने तत्काळ वरिष्ठांस सांगितले. चारही विमाने थांबली. वैमानिक खाली उतरले, झाकणे उघडली गेली, विजेऱ्या घेऊन दहा-बारा माणसे तीन तास शोधीत राहिली. शेवटी पाना सापडला तो एका ढकलगाडीच्या खणामागे. विमानात तो गेलाच नव्हता. त्या दिवसाची उड्डाणे मात्र बुडाली.

ही हकीकत त्याने दिवाळीत फराळाच्या वेळी सांगितली आणि घरात दोन पक्ष पडले. आमची धाकटी भावजय, म्हणजे त्याची आई, हातातले ताट तसेच धरून म्हणाली, "अण्णा, ह्याच्या नावावर डाग तर नाही ना लागायचा? पुढची बढती अडायची नाही ना?" माझे मेहुणे पुण्यास एका पेढीत मोठ्या हुद्द्यावर होते. ते म्हणाले, "अरे, आधी गुपचूप शोधायचा, नाही सापडला तर मग बोलायचे. चारचौघांत आपण होऊन आपल्या कपाळाला काळे फासून घ्यायचे काय कारण? आणि विमानात नव्हता तो नव्हताच!"

पुतण्या शांतपणे म्हणाला, "मामा, पाना कुठे सापडणार हे आधी ठाऊक असते, तर तो हरवला असे म्हटलेच नसते." आणि मग त्याने पुढचे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अधिकाऱ्याने सर्वांना जमवून, कोणाचे नाव न घेता, काल काय घडले ते सांगितले. ज्याने सांगितले त्याचे आभार मानले, आणि हत्यारांच्या पेट्या ठेवण्याची जागा बदलली. शिक्षा झाली नाही. शिक्षा झाली असती, तर पुढच्या वेळी ज्याचा पाना हरवेल त्याने प्रथम एकट्यानेच शोधण्यात दहा मिनिटे घालवली असती. आणि विमान उडण्यास दहा मिनिटे पुरतात.

मेहुण्यांचे म्हणणे केवळ भित्रेपणाचे होते असे मला वाटत नाही. आपल्या एकत्र कुटुंबांत घरातली गोष्ट घरातच ठेवावी, मोठ्यांना त्रास देऊ नये, आपले आपण निस्तरावे, हे संस्कार पिढ्यान् पिढ्या झालेले आहेत आणि त्यांनी पुष्कळ घरांची अब्रूही राखली आहे. पण त्यांची दुसरी बाजू मी शाळेत पाहिली. मी विद्यार्थी असताना आमच्या एका मास्तरांचा नियम होता की जो फुटलेल्या दौतीची कबुली देईल त्याला दोन छड्या, आणि कोणीच न दिल्यास साऱ्या वर्गाला एक-एक. आम्ही मुलांनी हिशेब केला व साऱ्या वर्गाने एक-एक छडी पत्करली. मास्तर सत्यप्रिय होते, ह्यात शंका नाही. पण त्या वर्षी त्यांना एकाही दौतीविषयी खरे कळले नाही.

उलट बाजूने कोणी विचारील, शिक्षाच नाही तर बेशिस्त माजेल त्याचे काय? हा प्रश्न मीही पुतण्यास विचारला. तेथे सरसकट माफी नाही. प्रामाणिक चूक सांगितली तर शिक्षा नाही. चूक लपवली तर आहे. आणि नियम ठाऊक असून धाडस म्हणून मोडला, तर ती आणखी कडक. ही तीन निराळी प्रकरणे आहेत. आपण घरात आणि शाळेत तिन्हींना एकाच छडीने मोजतो, हा आपला आळस होय.

चूक सांगण्याइतकेच कठीण आहे ते दुसऱ्याची, आणि त्यातही वडिलांची चूक दाखवणे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन प्रचंड विमाने एकमेकांवर आदळली व ५८३ माणसे गेली. त्यातील एका विमानाचा कप्तान आपल्या कंपनीतील अत्यंत नामांकित वैमानिक होता. दुसरे विमान धावपट्टीवरून दूर झाले आहे ना, अशी शंका त्याच्या विमानातील अभियंत्याने काढली होती. कप्तानाने ती एका शब्दात उडवून लावली, आणि पुढे कोणी बोलले नाही. विमान धावतच राहिले. त्यानंतर जगभर वैमानिकांना एक नवे शिक्षण देण्यात येऊ लागले: धाकट्याने शंका कशी बोलून दाखवावी आणि थोरल्याने ती कशी ऐकावी. विमानवाहू नौकेवर तर धावपट्टी मोकळी नाही असे ज्याच्या नजरेस येईल, तो पोरगेला खलाशी असला तरी, त्याने खूण करावी आणि उतरणाऱ्या विमानाने पुन्हा वर जावे अशी रीत आहे. खूण चुकीची ठरली तरी त्याला कोणी रागावत नाही.

आमच्या परंपरेस हे अगदी परके आहे काय? मला तसे वाटत नाही. श्रौत यज्ञात होता, अध्वर्यू, उद्गाता आपापल्या कामांत गढलेले असतात. ब्रह्मा नावाचा ऋत्विज मात्र बहुतेक काळ नुसता बसून पाहतो. कोठे मंत्र चुकला, कोठे क्रम बिघडला, हे लक्षात ठेवून त्याची दुरुस्ती सांगणे हेच त्याचे काम. म्हणजे विद्वान ऋत्विजांच्याही हातून चूक होणार हे शास्त्रकारांनी धरून ठेवले होते, तीवर नजर ठेवण्यास स्वतंत्र मनुष्य नेमला होता, आणि प्रत्येक चुकीस प्रायश्चित्तही लिहून ठेवले होते. नौदलाच्या प्रत्येक विमानपथकात सुरक्षेचा एक अधिकारी असतो असे पुतण्याने सांगितले, तेव्हा मी त्याला म्हणालो, "अरे, हा तर तुमचा ब्रह्मा!" त्याला ती उपमा फार आवडली, अधिकाऱ्याला कितपत आवडली ते कळले नाही.

एवढे करूनही अपघात होतातच, हे सांगितले पाहिजे. १ ऑक्टोबर २००२ रोजी गोव्यात दाबोळीस एका विमानपथकाच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवशीच त्या पथकाची दोन 'इल्युशिन-३८' विमाने एकत्र उडत असता हवेत आदळली. दोन्ही विमानांतील मिळून बारा जण गेले, शिवाय जमिनीवरील काही निरपराध माणसेही. ८ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या किनाऱ्याजवळ नौदलाचे एक 'ध्रुव' हेलिकॉप्टर एकाएकी उंची गमावू लागले. वैमानिकाने ते सावरून पाण्यावर उतरवले आणि तिघेही वाचले. त्यावर समाधान मानून कोणी स्वस्थ बसले नाही. सबंध ताफा जमिनीवर ठेवून तपासण्यात आला, आणि नियंत्रणाच्या ज्या दांड्या अॅल्युमिनियमच्या होत्या त्या बदलून पोलादाच्या घालण्यात आल्या. तरी ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे त्याच जातीचे हेलिकॉप्टर पडले, तिघांचे प्राण गेले, आणि ताफा पुन्हा थांबवून नव्याने शोध सुरू झाला.

आता आपल्यासारख्या गृहस्थांच्या दाराशी येणारी एक गोष्ट. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी दाबोळीहून उडालेले नौदलाचे एक 'मिग-२९ के' विमान पक्ष्यांच्या थव्यात सापडले. एक इंजिन बंद पडले, दुसऱ्याने पेट घेतला. दोघा वैमानिकांनी विमानाचे तोंड वस्तीपासून दूर वळवले आणि मगच उड्या घेतल्या. विमान वेर्ण्याजवळच्या कातळावर पडले, माणूस कोणी दगावला नाही. पक्षी आपण होऊन विमानतळावर येत नाहीत. त्यांना अन्न बोलावते. म्हणूनच विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकण्यास व जनावरे कापण्यास विमान-नियमांत मनाई आहे. नियम आहे, पण उरलेला भात खिडकीतून टाकणाऱ्या हाताला तो कोण सांगणार? आमच्या कार्ल्याच्या डोंगराखाली जत्रेनंतर घारी किती जमतात हे पाहिले म्हणजे विमानतळाशेजारची वस्ती कशी असेल ह्याची कल्पना येते.

गेल्या पितृपक्षात आमची भावजय मुलाकडे तळावरच्या वसाहतीत राहावयास गेली होती. तिथीच्या दिवशी स्वयंपाक झाल्यावर तिने नेहमीप्रमाणे काकबळीचे पान गच्चीवर ठेवण्यास काढले, तो मुलगा आडवा आला. "आई, इथे नको. धावपट्टी समोर आहे." सासऱ्यांची तिथी, आणि कावळ्याला पान नाही! तिच्या डोळ्यांत पाणी आले. मुलगाही अवघडला, आईला नाही म्हणणे त्याला कधी जमलेले नाही. शेवटी तिने मला दूरध्वनी केला. "अण्णा, तुम्ही शास्त्र जाणता. ह्याचे ऐकू की वडिलांचे करू?"

मी तिला विचारले, जवळपास गाय आहे काय? वसाहतीच्या फाटकाबाहेर एका गवळ्याची होती. गोग्रास आपण काढतोच; कावळ्याचे पानही त्यातच घालावे, श्राद्धाला बाध येत नाही, असे मी तिला सांगितले. आमच्या वडिलांना, ज्यांनी बोरघाटातून जन्मभर ये-जा केली, ते चालले असते ह्याविषयी मला शंका नव्हती. संध्याकाळी पुन्हा तिचा दूरध्वनी आला. गाईने पान चाटून पुसून खाल्ले होते.